सस्काटूनचे डॉक्टर ‘मार्कर’ का तपासत नाहीत?

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपले की पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच बायकांच्या फाइलमध्ये एक आकडा कायमचा राहायला येतो: सीए १५-३. दर तीन किंवा सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते, आणि घरातलं प्रत्येक जण आधी तो आकडा तीसच्या आत आहे ना, एवढंच पाहतं. हाच आजार होऊन गेलेल्या, कॅनडात सस्काटूनला स्थायिक झालेल्या बाईच्या फाइलमध्ये तो आकडा सहसा नसतो. तिथे वर्षातून एकदा मॅमोग्राम, डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, कुठे दुखतं-खुपतं का याची चौकशी, आणि पुढची तारीख. व्हिडिओ कॉलवर दोन बहिणींची तुलना निघाली की इकडचा प्रश्न ठरलेला असतो. “अगं, तुझे डॉक्टर साधं रक्तसुद्धा बघत नाहीत? सरकारी खर्चाने चाललंय म्हणून काटकसर करतात की काय?”

काटकसरीचा आरोप निदान सस्कॅचेवानवर तरी चिकटत नाही. या प्रांताने कर्करोगाचे उपचार रहिवाशांसाठी १९४४ मध्येच मोफत केले. सगळ्या आजारांसाठीचा सरकारी वैद्यकीय विमा १९६२ मध्ये आला, तोही कॅनडात सर्वात आधी इथेच. रक्त न तपासण्याचं कारण पैशात नाही, त्या आकड्याच्या स्वभावात आहे.

सीए १५-३ म्हणजे काय ते आधी पाहू. स्तनाच्या आतल्या नळ्यांना अस्तर करणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘मक-१’ नावाचं एक साखरेने मढलेलं प्रथिन असतं. ते निरोगी पेशींवरही असतं. पेशी कर्करोगाची झाली की ते जास्त तयार होतं, त्याची जागा बिघडते आणि त्याचे तुकडे तुटून रक्तात उतरतात. हे तुकडे मोजणं म्हणजे सीए १५-३. रक्तातल्या प्रथिनावरून गाठीचा माग काढण्याच्या कल्पनेला कॅनडातच मोठं बळ मिळालं. १९६५ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीईए हे प्रथिन शोधलं. आपल्याकडच्या ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’मध्ये सीए १५-३ च्या शेजारी दिसतं, तेच हे.

आता स्वभाव. आजार अगदी सुरुवातीचा असताना सीए १५-३ बहुतेकींत वाढलेलंच नसतं, म्हणून निदानाला त्याचा उपयोग नाही. आजार हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पसरल्यावर ते बऱ्याच जणींत वाढतं, पण तेव्हाही सगळ्यांत नाही. उलट यकृताच्या विकारांत, स्तनाच्या साध्या, निरुपद्रवी विकारांत ते वाढू शकतं. शाकाहारी मराठी घरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे बी-१२ च्या तीव्र कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयातही हा आकडा चढतो आणि बी-१२ ची इंजेक्शनं घेतल्यावर उतरतो. नवीन उपचार सुरू झाल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत, औषध लागू पडत असतानाही, तो वर जाऊ शकतो, कारण मरणाऱ्या पेशी आपलं प्रथिन रक्तात सोडतात. त्यात भर म्हणजे प्रत्येक प्रयोगशाळेचं यंत्र वेगळं. एका ठिकाणचे २६ आणि दुसऱ्या ठिकाणचे ३३ यांत प्रत्यक्षात काहीच फरक नसेल.

आणि बायोटिन. केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून अनेक जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. बऱ्याच प्रयोगशाळांची यंत्रं मोजणीच्या रसायनांत बायोटिनचाच वापर करतात. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर मोजणी फसते, आणि सीए १५-३ सारख्या चाचणीत आकडा खोटा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त देण्याआधी ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारणारी प्रयोगशाळा मिळाली तर तिला धरून राहावं.

हे सगळे दोष मान्य केले तरी मूळ प्रश्न उरतोच. आकडा खरोखरच आजार परतल्यामुळे वाढला असेल, आणि स्कॅनमध्ये दिसण्याआधी काही महिने कळलं, तर फायदाच नाही का? वरवर पाहता याचं उत्तर ‘अर्थात’ असंच वाटतं. इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी ते तपासलं, निकाल १९९४ मध्ये आले. उपचार झालेल्या बायका एका चाचणीत तेराशेवीस, दुसरीत बाराशेत्रेचाळीस, आणि प्रत्येक चाचणीत त्यांचे दोन गट. निम्म्यांना नियमित क्ष-किरण, हाडांचे स्कॅन आणि एका चाचणीत रक्ततपासण्याही. उरलेल्यांना फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राम. जास्त तपासलेल्या गटात आजार काहींत आधी सापडला, पण आयुष्य वाढलं नाही. मरणाची तारीख तीच राहिली, आजार परतल्याचं माहीत असण्याचे महिने तेवढे वाढले. कॅनडाच्या ‘चूझिंग वाइजली’ मोहिमेने कर्करोगतज्ज्ञांना दिलेला सल्ला याच धर्तीचा आहे. लवकर कळल्याने आयुष्य किंवा त्याची प्रत सुधारेल अशी वास्तव अपेक्षा नसेल, तर लक्षणं नसलेल्या व्यक्तीत परतलेला आजार शोधणाऱ्या चाचण्या करू नका. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्तनाच्या कर्करोगातल्या मार्करचं नाव घेऊन हेच सांगितलं.

इटलीच्या त्या चाचण्या तीस वर्षांपूर्वीच्या आहेत. तेव्हाची औषधं मोजकी होती आणि सीए १५-३ हा त्यांचा मुख्य विषयही नव्हता. त्यामुळे हा खटला कायमचा निकालात निघाला असं मी म्हणणार नाही. पण पुरावा आणण्याची जबाबदारी चाचणी विकणाऱ्यावर आहे, चाचणी न करणाऱ्यावर नाही. पसरलेल्या आजारावर उपचार चालू असतील तेव्हा गोष्ट वेगळी. तिथे स्कॅनच्या जोडीला सीए १५-३ कामाला येतं, विशेषतः हाडांतला आजार स्कॅनवर नीट मोजता येत नाही तेव्हा.

रक्तातून भवितव्य सांगणाऱ्या खुणांमध्ये सर्वात स्वस्त खूण मात्र तुमच्या-आमच्या साध्या सीबीसीमध्येच असते. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर. न्यूट्रोफिल जळजळीचे शिपाई, लिम्फोसाइट गाठीवर नजर ठेवणारे. सहा हजार न्यूट्रोफिल आणि दोन हजार लिम्फोसाइट असतील तर गुणोत्तर तीन. कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये पंधरा अभ्यासांतल्या साडेआठ हजारांवर बायकांची माहिती एकत्र केली. हे गुणोत्तर जास्त असलेल्या गटात मृत्यूचं प्रमाण अडीच पटींच्या घरात निघालं. वाचायला हे भयंकर वाटतं, पण हजारो बायकांच्या सरासरीतून निघालेली गोष्ट एका बाईच्या रिपोर्टवर चिकटवता येत नाही. सर्दी झाली, दात दुखला, केमोबरोबर डेक्सामेथासोनची गोळी घेतली, की न्यूट्रोफिल उडी मारतात. आणि गुणोत्तर चार आलं म्हणून कुठलंही औषध बदलावं असा पुरावा नाही. मग रात्री बारा वाजता मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून काय मिळवायचं?

माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वात शिकवून जाणारी गोष्ट टोरंटोची आहे. तिथल्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या डॉ. पामेला गुडविन यांनी १९८९ ते १९९६ या काळात सुरुवातीच्या अवस्थेतला स्तनाचा कर्करोग असलेल्या, मधुमेह नसलेल्या ५१२ बायकांचं उपाशीपोटी घेतलेलं रक्त जपून ठेवलं. त्यातलं इन्सुलिन मोजलं आणि पुढे वर्षानुवर्षं त्या बायकांचं काय होतं ते पाहिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. इन्सुलिन सर्वात जास्त असलेल्या चौथाईत आजार दूरवर परतण्याचा धोका सर्वात कमी चौथाईच्या दुप्पट, आणि मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट. वैद्यकशास्त्राला पटेल असं कारणही हाताशी होतं. इन्सुलिन पेशींना वाढायला सांगतं, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर त्याचे ग्राहक असतात. आपल्याकडे कमरेचा घेर आणि मधुमेह घरोघरी असल्यामुळे हा निष्कर्ष वाचून कुणालाही वाटेल, सापडलं!

त्याहून मोहाची गोष्ट म्हणजे इन्सुलिन खाली आणणारं औषधही तयारच होतं. मेटफॉर्मिन. स्वस्त, जुनं, कोट्यवधी लोक रोज घेतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या बायकांना कर्करोगातही बरं पडतं, अशा नोंदी येत होत्या. अनेक डॉक्टर एवढ्यावर औषध सुरू करून मोकळे झाले असते. कॅनडातल्या संशोधकांनी तसं न करता रीतसर चाचणी उभी केली, तिचं नाव ‘एमए-३२’. २०१० ते २०१३ या काळात कॅनडा, अमेरिका, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधल्या ३,६४९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला पाच वर्षं मेटफॉर्मिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं वजन उतरलं, इन्सुलिनही उतरलं. म्हणजे औषधाने आपलं काम चोख केलं. २०२२ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा मात्र दोन्ही गटांत आजार परतण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं, साडेअठरा टक्क्यांच्या आसपास.

खूण खरी होती. तिच्यावर उभं केलेलं अनुमान चुकलं. वाढलेलं इन्सुलिन हे कदाचित वजनाची, बैठ्या आयुष्याची, शरीरातल्या दीर्घकालीन जळजळीची सावली असेल, आणि सावली पुसून मूळ वस्तू हलत नाही. गुडविन यांनी याच ५१२ बायकांच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वही मोजलं होतं. कमतरता असलेल्यांत दूरवर आजार परतण्याचा धोका दुपटीच्या जवळ आला, आणि २००९ मध्ये त्या बातमीने बरीच खळबळ माजवली. सस्काटून उत्तरेला बावन्न अक्षांशावर. हिवाळ्यात दिवस आठ तासांचाही भरत नाही आणि तेवढ्या तिरप्या उन्हात कातडीला ‘ड’ जीवनसत्त्व बनवताच येत नाही. आपल्या सावळ्या कातडीला तर आणखी अवघड. त्यामुळे इथल्या भारतीय घरांत ‘ड’च्या गोळ्यांची बाटली मिठाच्या बरणीइतकीच हमखास. ती हाडांसाठी जरूर घ्यावी. पण पुढच्या एका कॅनेडियन चाचणीतल्या जपून ठेवलेल्या रक्तात ‘ड’चा आणि आजार परतण्याचा संबंध दिसलाच नाही. कर्करोग परतू नये म्हणून ती घेण्याला आज आधार नाही.

मोजल्याशिवाय वापरायचं नाही, हा हट्ट सस्काटूनला जुना आहे. १९५१ मध्ये कोबाल्ट-६० च्या किरणांनी कर्करोगावर उपचार करण्याचं यंत्र इथल्या विद्यापीठात हॅरल्ड जॉन्स यांनी उभारलं. त्याच वेळी ओंटारिओतल्या लंडन शहरातही तसंच एक यंत्र बसत होतं. जॉन्स आणि त्यांची तरुण सहकारी सिल्व्हिया फेडोरुक (ही बाई पुढे प्रांताची लेफ्टनंट गव्हर्नर झाली) शरीरात किती खोलवर किती किरण पोचतात याची मोजमापं आठवडेच्या आठवडे घेत राहिले. लंडनने २७ ऑक्टोबरला पहिला रुग्ण घेतला, सस्काटूनने ८ नोव्हेंबरला. ‘जगात पहिले’ हा मान बारा दिवसांनी हुकला. पण सस्काटूनची ती पहिली रुग्ण, गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेली चार मुलांची आई, बरी झाली आणि पुढे कित्येक दशकं जगली. जॉन्स-फेडोरुक यांचे तक्ते नंतर जगभरच्या किरणोपचार विभागांत वापरले गेले.

रक्तातल्या पुढच्या खुणेची कसोटीही अशीच लागली. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी रक्तात फिरतात, हे ऑस्ट्रेलियातल्या थॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्येच एका मृत रुग्णाच्या रक्तात पाहिलं होतं. त्या मोजण्याचं यंत्र यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच सुमारे पाचशे कोटी. त्यांच्या गर्दीतून साडेसात मिलिलिटरमध्ये गाठीच्या चार-पाच पेशी निवडून काढायच्या. २००४ मध्ये अमेरिकेतल्या १७७ बायकांच्या अभ्यासाने दाखवलं की आजार पसरलेला असताना अशा पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर निम्म्या बायका दहा महिन्यांच्या आसपास जगतात, कमी सापडल्या तर अठरा महिन्यांहून जास्त. भाकीत पक्कं होतं. मग साहजिक विचार आला की पहिल्या केमोनंतर तीन आठवड्यांनीही पेशी कमी झाल्या नाहीत, तर लगेच औषध बदलावं. तीही रीतसर चाचणी झाली. औषध बदललेल्या बायका आणि न बदललेल्या बायका सारख्याच जगल्या. रक्ताने ओळखलं होतं की या आजारावर केमो फारसा चालणार नाही, पण कोणता चालेल हे त्याला सांगता आलं नाही, आणि बदलून दिलेलं औषधही केमोच होतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत नजर पेशींवरून त्यांच्या डीएनएवर गेली. मरणाऱ्या पेशी आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडतात. त्यांत गाठीतले नेमके बदल वाचता आले तर शरीरात गाठ शिल्लक आहे का ते कळतं. हे तुकडे काही तासांत नष्ट होतात, म्हणून ते सापडले तर ताजी खबर असते. इंग्लंडमधल्या लंडनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की उपचार संपलेल्या बायकांत हा डीएनए आजार उघड दिसण्याच्या सरासरी साडेदहा महिने आधी रक्तात येतो. सीए १५-३ च्या मानाने ही झेप मोठी आहे. पण पुन्हा तोच प्रश्न, त्या साडेदहा महिन्यांत करायचं काय? ब्रिटनमधल्या एका चाचणीत, हार्मोनच्या गोळ्यांना न जुमानणाऱ्या ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आजाराच्या बायकांच्या रक्तात डीएनए दिसताच स्कॅन करून नवीन औषध देण्याचा बेत होता. औषधासाठी निवडलेल्या ३२ जणींपैकी २३ जणींच्या स्कॅनमध्ये आजार आधीच पसरलेला निघाला. रक्ताने बातमी आणली, पण उशिरा.

पारडं पहिल्यांदा खरं हललं ते दुसऱ्या दिशेने. हार्मोनवर पोसल्या जाणाऱ्या पसरलेल्या आजारात गोळ्या चालू असताना काही महिन्यांनी-वर्षांनी पेशी ‘ईएसआर-१’ नावाच्या जनुकात बदल करून गोळीला चकवा देतात. हा बदल स्कॅनमध्ये आजार वाढण्याआधी रक्तातल्या डीएनएत दिसतो. आणि इथे डॉक्टरांच्या हातात चकवा ओलांडणारी दुसऱ्या जातीची औषधं असतात. फ्रान्समधल्या ‘पाडा-१’ चाचणीत रक्तात हा बदल दिसताच औषध बदललेल्या बायकांचा आजार सुमारे १२ महिने आटोक्यात राहिला, न बदललेल्यांचा सहा महिनेही नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘सेरेना-६’ मध्ये तीन हजारांवर रुग्णांचं रक्त दर दोन-तीन महिन्यांनी तपासून ३१५ जण निवडले गेले. कॅमिझेस्ट्रंट या नव्या गोळीने आजार १६ महिने थोपवला, जुन्या औषधाने ९.२ महिने. आयुष्य वाढलं का, याचं उत्तर या निकालात अजून नव्हतं. म्हणून काही तज्ज्ञ हात राखून बोलतात, आणि ते योग्य आहे.

सस्कॅचेवानसारख्या प्रांताला अशा रक्तचाचण्यांचं आकर्षण वाटणं स्वाभाविक आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, माणसं बारा लाखांच्या आसपास, आणि कर्करोगाची मुख्य केंद्रं दोनच, सस्काटून आणि रेजायना. ला रोंजहून सस्काटूनला स्कॅनसाठी यायचं तर साडेतीनशेहून जास्त किलोमीटर, जानेवारीत उणे तीसमध्ये, बर्फाळ रस्त्याने. रुग्णापेक्षा रक्ताची नळी पाठवणं केव्हाही सोपं. अर्थात डीएनएची नळी साध्या सीबीसीसारखी पाठवून चालत नाही. ती खास रसायनाची नसेल तर पांढऱ्या पेशी वाटेतच फुटतात आणि त्यांचा डीएनए सगळा हिशोब बुडवतो. शिवाय म्हाताऱ्या होत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींतही कर्करोगासारखे दिसणारे बदल होतात. त्यांना गाठीचे समजण्याची चूक पक्क्या प्रयोगशाळांकडूनही होऊ शकते.

आपल्याकडे या क्षेत्रातली घाई वेगळी आहे. नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या, रक्तातल्या गाठीच्या पेशी हुडकणाऱ्या स्तन-कर्करोग चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये ‘ब्रेकथ्रू’ दर्जा दिला, तेव्हा अभिमान वाटणं साहजिक होतं. पण हा दर्जा म्हणजे तपासणी लवकर करण्याचं आश्वासन, मंजुरी नव्हे, हे बातम्यांत हरवलं. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियलने एका कमी चमकदार कामाचे निष्कर्ष छापले. १९९८ पासून वीस वर्षं, दीड लाखावर बायका, आणि प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने केलेली स्तनतपासणी. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू तीस टक्क्यांच्या जवळपास घटले. रक्ताच्या एकाही चाचणीने लवकर निदानाच्या बाबतीत अजून असा पुरावा दिलेला नाही.

एक रक्ततपासणी मात्र आज खरोखर उपचार बदलते, आणि ती आयुष्यात एकदाच करावी लागते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांत जन्मतः बदल आहे का, याची. तो असेल आणि आजार परतण्याचा धोका मोठा असेल, तर केमोनंतर वर्षभर ओलापरिब ही गोळी दिली जाते. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ‘ऑलिंपिया’ चाचणीत तीन वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण या गोळीने ७७ टक्क्यांवरून ८६ टक्क्यांवर गेलं. पण ती चाचणी करावी का, हे ठरवताना आपल्या घरांत प्रश्न फक्त आईकडच्या नात्यांबद्दल विचारले जातात. मावशीला होता का, आजीला होता का. हा बदल वडिलांकडूनही तितकाच येतो, आणि आत्याला किंवा वडिलांच्या आईला झालेला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग डॉक्टरांना सांगायचा राहून जातो.